आधी नेढं

हळदोण्याच्या तिठ्यावर बसमधून उतरलो.
पिशवीत दोन पाने, एक पेचकस, तेलाची कुपी.
भाचीने फोनवर सांगितलं होतं,
मिस्त्री, दुरुस्ती नाही,
नुसतं वरचं काढून द्या.
खालचे पाय ठेवायचेत, त्यांवर काच बसेल,
भाड्याच्या खोल्यांत पाहुण्यांना टेबल होईल.

बाल्कांवाच्या कोपऱ्यात उभं होतं ते,
अंगावर चादर, चादरीवर मांजर.
मांजर उठवलं.
काळ्या मानेवरची सोनेरी वेलबुट्टी
हात टेकायचा तेवढीच पुसलेली,
बाकी अजून ताजी.
लेओकादिया तियेचा डावा हात.
चाळीस वर्षं मी हिचा पट्टा बदलत आलो,
पावसात चामडं सैल पडायचं,
आणि ती म्हणायची, सगुण,
पुरुषापेक्षा पट्टा बरा रे,
इंचभर कापला की पुन्हा ताठ.

बापाने पहिल्या दिवशी
दोन सुया ठेवल्या होत्या माझ्या तळहातावर.
ही आईची, नेढं शेपटाला.
ही मशीनची, नेढं टोकाला.
सांग, फरक काय?
मी म्हटलं, उलटी आहे.
बस्स, म्हणाला, एवढाच शोध.
कुठल्याशा थंड मुलखात
पावणेदोनशे वर्षांमागे सुचलं कुणाला तरी
की सुईने कापडापार जायचंच कशाला?
नाक बुडवावं, दोरा दाखवावा, परत यावं.
खाली अंधारात दुसरा दोरा टपून असतो,
तो त्या फासातून निघतो
आणि गाठ पडते
ना वर, ना खाली,
कापडाच्या पोटात.
मग बाप विडी शिलगावायचा.
काडीही त्याच शतकातली,
पण तिचं कौतुक त्याने कधी केलं नाही.

तियेचा नवरा तारवटी.
वर्षातून एकदा बोट मुरगावला लागायची,
महिनाभर टेकायचा, पुन्हा वर.
तिने काय काय शिवलं ह्यावर:
शाळेचे निळे झगे,
फेस्ताच्या मिरवणुकीचे लाल अंगरखे,
शेजारच्या देसायांच्या मुलीची परकर-चोळी,
आणि रात्री-अपरात्री कुणी दार ठोठावलं
तर शवपेटीच्या आतलं पांढरं साटीन.
त्याचे पैसे घेत नसे.
म्हणायची, ते कुणी उसवून बघणार आहे का?
तरी टाका बारीकच घालायची.

चार बोल्ट. तीन सुटले, एक गंजलेला.
तेल सोडून वाट बघत बसलो
तर झाकण सरकवलं, सवयीने,
आणि आत बॉबिनवर
निळा दोरा. अर्धवट.
कुणाचा झगा राहिला होता कोण जाणे.
भाची आत फोनवर काचेचं माप सांगत होती.
वरचा दोरा माझ्या खिशातल्या रिळाचा ओवला,
पिशवीचा फाटका काठ पायाखाली धरला
(मशीनच्या पायाखाली, माझ्या नव्हे)
आणि पायटा दाबला.

काय आवाज तो!
मांजर परत आलं.
चार बोटं शिवण, सहा, आठ,
आणि मग काही बदललं नाही.
आवाज तोच, चाक तेच, सुई तशीच खालीवर,
फक्त खालून कुणी येईना.
यंत्राला कळत नाही ते.
कापड पुढे सरकत राहतं,
भोकं पडत राहतात सरळ रेषेत.
कळेपर्यंत वीतभर झाली होती.

वरचं भंगारात देऊ? भाचीने विचारलं.
म्हटलं, मी नेतो.
पाय तिथेच राहिले.
आता कुणी पाहुणा कॉफी पिता पिता
सहज पायटा हलवेल,
चाक फिरेल,
कप जरासा थरथरेल.

कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट पडेल.
म्हटलं, मांडीवर घेतो की.
म्हापशाला उतरताना
पिशवीच्या न शिवलेल्या काठातून
चौथा बोल्ट घरंगळला, सीटखाली गेला.
शोधला. नाही सापडला.
बस हळदोण्याला परत निघाली होती.